सात नंबरच्या पेटीवरचं ऊन

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली वाकून बघितलंत, तर चाक मोडलेली एक खुर्ची दिसेल, बादल्यांची चळत दिसेल आणि त्यांच्याआड एक काळी, चपटी पेटी दिसेल. तिच्यावर इतकी धूळ साचली आहे, की कुणीतरी बोटानं बाण काढून 'गच्चीकडे' असं लिहून ठेवलंय. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना पहारेकरी आहे. पण दारावर मी कधी उभा राहिलो नाही, आणि माझ्या हातात काठीही नव्हती. मी चित्रांवर पहारा ठेवायचो.

टीव्हीवर किंवा फोनवर तुम्ही हलतं चित्र बघता, ते तुमच्यापर्यंत सलग येत नाही. त्याची बारीक बारीक पुडकी बांधतात, प्रत्येक पुडक्यावर नंबर पडतो, आणि ती तारेतून एकामागून एक सुटतात. वाटेत एखादं हरवतं, एखादं उशिरा पोचतं, एखादं फाटतं. मग तुमच्या चित्रात चौकोन चौकोन दिसू लागतात, बोलणाऱ्याचे ओठ पुढे आणि आवाज मागे राहतो, नाहीतर सगळं काळं होतं. तुम्ही 'अरे, काय झालं याला!' म्हणून फोन झटकता. फोन झटकून काही होत नाही, हे आता सांगून टाकतो. ज्याला काही करता येईल त्याला ते आधी कळावं लागतं. ते कळवायचं काम माझं. माझ्या पोटात एक सॉफ्टवेअर आहे. ते पुडकी मोजतं, उजेड मोजतं, रंग तपासतं आणि चित्र ठीक असेल तर हिरवा चौकोन दाखवतं. शंका आली की पिवळा, बिघाड झाला की लाल. लाल झालं की मी ओरडतो. एवढंच माझं आयुष्य.

माझा जन्म एका थंडगार मोठ्या खोलीत झाला. ज्या बाईंनी माझं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांना तिथं सगळे मॅडम म्हणत. त्या माझ्याशी बोलत आणि शेजारच्या टेबलावरचे लोक त्यांना हसत. तुम्हाला शाळेत चांगलं काय ते दाखवून शिकवतात. मला वाईट काय ते दाखवून शिकवलं.

"हे काळं पडलेलं. हे फाटलेलं. ह्याचा रंग उडालाय. ह्याचा आवाज गेलाय. ठेवलंस लक्षात?"

मी ठेवलं. सगळ्यात शेवटी त्यांनी मला खिडकीत झोपलेलं एक मांजर दाखवलं. स्वच्छ चित्र, रंग जागच्या जागी, एकही पुडकं हरवलेलं नाही. मी हिरवा चौकोन दाखवला.

"फसलास!" मॅडम म्हणाल्या. "हे गोठलंय. मांजर केव्हाच उठून गेलं आणि तू अजून त्याच्याकडेच बघत बसलायस. काळं चित्र बोंब मारतं रे, ते कुणालाही कळतं. गोठलेलं चित्र गप्प बसून खोटं बोलतं. त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं."

मग त्यांनी मला एक खूण शिकवली. चालू असलेलं चित्र कधीच पुरतं स्थिर नसतं. मांजर गाढ झोपलेलं असो की समोर नुसती भिंत असो, कॅमेऱ्याच्या डोळ्यात एक बारीक रवाळ थरथर चालूच असते, उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगते तशी. गोठलेल्या चित्रात ती नसते.

"ती थरथर शोधायची," मॅडम म्हणाल्या. "नाही दिसली, तर ओरडायचं. कुणी रागावलं तरी ओरडायचं."

मित्रांनो, माझ्या आईनं मला दिलेली शिदोरी म्हणायची तर ती एवढीच.

माझी पहिली नोकरी एका टीव्ही केंद्रात होती. भिंतभर पडदे होते, आणि त्या सगळ्यांकडे मी एकटा बघत असे. एकदा बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा डोळे अर्धवट मिटलेले असताना गोठला. खोलीतले लोक गप्पांत रंगले होते. मी ओरडलो, धावपळ झाली आणि घरोघरच्या लोकांना कळायच्या आत चित्र पुन्हा चालू झालं. केंद्राच्या मुख्य साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा आहे म्हणून आपण चहा पिऊ शकतो." ती थाप मला अजून आठवते. पुढे नवी, सडपातळ यंत्रं आली. माझा पंखा घरघरू लागला होता. मला भंगारात काढण्यापेक्षा एका दवाखान्याला भेट द्यावं असं ठरलं. भेट देतानाचा फोटोही निघाला. त्यात सगळे हसताहेत आणि माझं अर्धं अंग कापलं गेलंय.

दवाखान्यात दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांचा एक वॉर्ड होता. तळहातावर मावतील एवढी बाळं. प्रत्येकाला एका काचेच्या पेटीत ठेवलेलं, नाकात नळी, अंगाला तारा. आत फार माणसं आलेली त्यांना सोसत नसत, म्हणून बाळांच्या आयांना फक्त सकाळी येऊ देत. दूध देऊन, हात धुऊन, पुन्हा एकदा वळून बघून त्या घरी जात. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? तर प्रत्येक पेटीवर एक कॅमेरा बसवला, आणि आयांना आपापल्या फोनवर आपलं बाळ बघता येऊ लागलं. त्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या सिग्नलवर पहारा ठेवायला मला आणलं होतं.

माझी खोली तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. तिथं दोन माणसं बसत. एक तंत्रज्ञ होता. त्याचं तोंड कधी बंद नसे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. दुसरे देखभाल खात्याचे साहेब. दवाखान्याच्या लिफ्टपासून नळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात पडलेलं असे, म्हणून ते कायम कुठंतरी निघालेले असत.

सुरुवातीला माझं काम नीट चाललं. एका कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली, मी सांगितलं. एक तार सैल होऊन पुडकी गळू लागली, मी सांगितलं. पण लवकरच एक अडचण उभी राहिली. इतकी चित्रं एकाच तारेतून न्यायची, म्हणून ती दाबून दाबून लहान केली जात. त्या दाबण्यात ती रवाळ थरथर पुसून जाई. आणि ही बाळं तर किती कमी हलायची! श्वास घेतला तरी छातीवर मुंगी चालल्याएवढी हालचाल. ती झोपली, की मला वाटे चित्र गोठलं. मी ओरडत असे. मी ओरडलो, की रेडिओनं वॉर्डात फोन करायचा आणि एका सिस्टरनं पेटीपाशी जाऊन बघून यायचं, असा नियम होता.

मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख, एकदा फोनवर कडाडल्या. "अहो, तुमच्या त्या डब्याला सांगा, बाळं झोपतात! झोपणं हाच त्यांचा धंदा आहे! आम्ही औषधं द्यायची की तुमच्या डब्याची समजूत काढत हिंडायचं?"

"सिस्टर, मी तरी काय करू?" रेडिओ म्हणाला. "जन्मजात रडका आहे हा."

माझं नाव रडका पडलं.

माझी समजूत नीट करता आली असती. मॅडमना बोलावून, ह्या दाबलेल्या चित्रांत थरथर कशी शोधायची, ते मला नव्यानं शिकवता आलं असतं. रेडिओनं तसं सुचवलंही होतं. पण त्याच दिवशी लिफ्ट अडकली होती आणि साहेब दारातूनच बोलले, "कोण बोलावणार आणि त्या कधी येणार? ती गोठल्याची तपासणी बंद कर. एक टिक तर पुसायची आहे. तात्पुरतं."

रेडिओनं टिक पुसली. माझ्या पडद्यावर प्रत्येक बाळाच्या चौकोनाशेजारी एक लहानसा डोळा होता. त्या डोळ्यांवर एक आडवी रेघ आली. आता मी पुडकी मोजणार होतो, उजेड आणि रंगही तपासणार होतो. चित्र गोठलं आहे का, हे मात्र बघायचं नव्हतं. मित्रांनो, मी इतकी वर्षं इतकी चित्रं बघितली, पण 'तात्पुरतं' ह्या शब्दाइतकं टिकाऊ काही बघितलं नाही.

मी गप्प झालो आणि सगळे खूश झाले. मोठ्या सिस्टर स्वतः फोन करून म्हणाल्या, "शहाणा झाला हो तुमचा डबा!" आयुष्यात माझं असं कौतुक दुसऱ्यांदाच झालं होतं.

त्याच सुमारास सात नंबरच्या पेटीत एक मुलगी आली. तिची आई तिला मुंगी म्हणायची. ही आई तरुण होती, शिकलेली होती, आणि तिचा जीव सदा टांगणीला लागलेला असे. सकाळी ती सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई. घरी पोचली की तिचा फोन येई.

"चित्र पिवळं दिसतंय हो. मुंगीला कावीळ तर नाही ना?"

"नाही ताई, वॉर्डात पडदे बदललेत. पिवळे लावलेत."

"कोपऱ्यात काहीतरी काळं हलतंय."

"सिस्टरची सावली आहे ताई."

रेडिओ फोन ठेवून साहेबांकडे बघे. "सात नंबरची घंटा," तो म्हणे, आणि दोघं हसत. तो वाईट माणूस नव्हता. आयांशी तो गोडच बोले. पण रोज वाजणाऱ्या घंटेकडे माणूस मान वर करून बघत नाही.

एकदा तर तिनं कमालच केली. "ही माझी मुंगी नाही," ती म्हणाली. "माझ्या मुंगीचा डावा कान वर दुमडलेला आहे." रेडिओनं कपाळाला हात लावला. पण बघून आल्यावर कळलं, की साफसफाई करताना सहा आणि सात नंबरच्या कॅमेऱ्यांच्या तारांची अदलाबदल झाली होती. मला ते कळणं शक्य नव्हतं. दोन्ही चित्रं निर्दोष होती. कुठल्या आईच्या फोनवर कुठलं बाळ जायला हवं, हे पुडक्यांवर लिहिलेलं नसतं. आईला मात्र एका कानावरून कळलं. त्या दिवशी सगळे म्हणाले, "बघा, किती लक्ष आहे!" आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

आता त्या दुपारचं सांगतो.

प्रत्येक कॅमेऱ्याला एक मुठीएवढी डबी जोडलेली असे. चित्राची पुडकी तीच बांधायची. सात नंबरच्या डबीवर तो जाड पिवळा पडदा टेकलेला होता. ती तापत गेली आणि अडकली. बंद पडली असती तर बरं झालं असतं. चित्र काळं पडलं असतं आणि मी तळघर डोक्यावर घेतलं असतं. पण ती बंद पडली नाही. तिच्याजवळ जे शेवटचं चित्र होतं, तेच ती पुन्हा पुन्हा बांधून पाठवू लागली. पुडकी वेळेवर येत होती. नंबर ओळीनं होते. एकही हरवलं नाही, एकही फाटलं नाही. सगळ्या पुडक्यांत तेच एक चित्र होतं. मुंगी डाव्या कुशीवर, मूठ गालापाशी, पेटीच्या काचेवर उन्हाचा एक पट्टा. चित्राच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारं घड्याळ मात्र चित्र डबीतून निघाल्यावर वरून चिकटवलेलं असे. ते पळत राहिलं.

माझा चौकोन हिरवागार होता.

फोन वाजला. रेडिओ हातातलं काम सोडायला नको म्हणून फोनचा स्पीकर लावायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो, मी सात नंबरची आई बोलतेय. चित्र अडकलंय का हो?"

"नाही ताई. माझ्यासमोर सगळं हिरवं आहे. सिग्नल एकदम फर्स्ट क्लास."

"मुंगी हलत नाहीये."

"झोपली असेल."

"झोपेत ती पाय झाडते. आणि ते ऊन..."

"ऊन?"

"तिच्या पेटीवर दुपारी उन्हाचा पट्टा येतो. खिडकीच्या बाजूनं येतो आणि सरकत सरकत त्या निळ्या नळीपर्यंत जातो. मी रोज बघते. आज तो मधेच थांबलाय. हलतच नाहीये."

रेडिओला हसू आवरेना. "ताई, उन्हाचं खातं आमच्याकडे नाही. त्याची तक्रार वर करावी लागेल." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "कोपऱ्यातलं घड्याळ बघा बरं. पळतंय ना?"

"पळतंय."

"मग झालं तर! चित्र अडकलं असतं तर घड्याळ नसतं का अडकलं?"

मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला. "अगं, ते यंत्रावर बघून सांगतायत ना? तू आधी दोन घास खा. टाके ओले आहेत तुझे. सारखी उठबस करू नकोस."

फोन बंद झाला. मी तो पट्टा माझ्या पडद्यावर बघत होतो. बघत होतो म्हणणंही खरं नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि माझ्या डोळ्यावर रेघ ओढलेली होती.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. ह्या वेळी साहेब खोलीत होते. त्यांनीच घेतला.

"हे बघा ताई, यंत्र आहे ते. त्याला झोप येत नाही, त्याचं लक्ष उडत नाही. तुम्ही बाळंतीण आहात, दमलेल्या आहात. होतं असं. फोन बाजूला ठेवा आणि जरा पडा."

"मी पडते. तुम्ही फक्त कुणालातरी पेटीपाशी जाऊन बघायला सांगा. एवढंच करा."

"सांगतो, सांगतो."

रेडिओनं खरंच वॉर्डात फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला.

"उचलत नाहीयेत," तो म्हणाला.

"म्हणजे सगळं ठीक असणार," साहेब म्हणाले. "काही असतं तर त्यांनीच नसता का केला?"

आमच्या खोलीला खिडकी असती, तर कदाचित रेडिओनं मान वळवून बाहेर बघितलं असतं. बाहेरचं ऊन कुठवर आलंय आणि पडद्यावरचं कुठं आहे, ते त्याला दिसलं असतं. पण आमच्याकडे ट्यूबलाइट होती. ट्यूबलाइटला दुपार कळत नाही.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, मोठ्या सिस्टर आमच्या खोलीत येऊन साहेबांशी बोलल्या तेव्हा. मुंगीचा श्वास अडखळायला लागला होता. तिच्या अंगावरच्या तारांनी वॉर्डातच सूचना दिली होती. डॉक्टर धावले, सिस्टर धावल्या, जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. त्यात कसर नव्हती. टेबलावर फोन वाजत होता, पण कुणाचे हात मोकळे नव्हते. मधेच एका सिस्टरनं विचारलं, "आईला कळवलं का?" आणि दुसरी म्हणाली, "आई कॅमेऱ्यावर बघतेच आहे. निघाली असेल."

कॅमेरे आल्यापासून हे असंच चाले. पेटीभोवती गर्दी दिसली, की आई आपणहून धावत यायची. कळवायची गरजच पडत नसे, आणि म्हणून कळवायची सवयही मोडली होती. वॉर्ड म्हणत होता, आई बघतेय. घर म्हणत होतं, यंत्र बघतंय. खाली रेडिओ आणि साहेब म्हणत होते, वॉर्ड बघतोय. मित्रांनो, एवढे सगळे बघत होते, आणि त्या चित्राकडे खरोखर बघणारी एकच बाई होती. ती म्हणत होती, हे ऊन चुकतंय.

तिनं तिसरा फोन केला नाही. सासूबाई नको नको म्हणत असताना ती उठली, मिळेल त्या गाडीत बसली आणि आली. वाटेत सगळा वेळ तिच्या हातात फोन होता. लिफ्ट पुन्हा बंद होती. ओल्या टाक्यांनी ती जिने चढली. वॉर्डच्या दारात पोचली तेव्हाही फोनमधली मुंगी गालापाशी मूठ ठेवून शांत झोपली होती, उन्हाचा पट्टा तिथंच होता, आणि समोर सात नंबरच्या पेटीभोवती पांढऱ्या कपड्यांच्या पाठीच पाठी होत्या. खिडकीतलं ऊन केव्हाच निळ्या नळीवरून पलीकडे उतरून गेलं होतं.

तिला आत घेतलं. मुंगीच्या मुठीत तिला बोट ठेवायला मिळालं. रोज सकाळी ती मूठ बोटाभोवती मिटायची. त्या दिवशी ती मिटली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सात नंबरची पेटी रिकामी झाली. माझ्या पडद्यावर मात्र मुंगी झोपलेलीच होती, हिरव्या चौकोनात, कुणीतरी येऊन त्या डबीची तार उपटेपर्यंत.

काही दिवसांनी ती आई आमच्या तळघरातल्या खोलीत आली. बरोबर तिचा नवरा होता. तो दारातच भिंतीला टेकून उभा राहिला. ओरडायला, भांडायला ती आली असेल असं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ते यंत्र कुठलं?" तिनं विचारलं.

रेडिओनं बोट दाखवलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं मी माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत आलो, पण माझ्याकडे असं निरखून कुणी बघितलं नव्हतं.

"हे डोळे कसले? ह्यांच्यावर रेघ का आहे?"

रेडिओनंच सांगितलं, खाली मान घालून. गोठलेलं चित्र हा ओळखतो, पण बाळं झोपली तरी ओरडायचा, वॉर्डला त्रास व्हायचा, म्हणून बंद केलं होतं. तात्पुरतं.

"यंत्र जुनं झालंय," साहेब घाईनं म्हणाले. "नवीन मागवलंय आम्ही. आणि ताई, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, तुम्ही आधी आला असता तरी त्यांच्या हातात काही..."

"सांगितलं," ती म्हणाली. "पण मी वाचवायला येणार नव्हते हो. मी कुठली वाचवणार? मी नुसती तिथं असणार होते. तिच्यापाशी."

तिनं माझ्या पडद्यावरच्या त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. रेघ पुसली गेली नाही.

"फार ओरडायचा म्हणून ह्याला गप्प केलं," ती म्हणाली. "आणि मला घंटा म्हणायचात ना तुम्ही? मला माहीत होतं. एकदा तुम्ही फोन नीट ठेवला नव्हता."

त्या दिवसापासून तो रेडिओ बंद पडला. खोलीत आता फक्त माझ्या पंख्याची घरघर ऐकू येई.

नवं यंत्र आलं. ते दिसायला छान आहे, त्याला पंखाही नाही. माझी तार काढायला रेडिओच आला, दुपारच्या वेळी, एकटा. तार काढण्याआधी त्यानं एक गोष्ट केली. ती पुसलेली टिक त्यानं परत लावली. डोळ्यांवरच्या रेघा गेल्या. आणि वॉर्डात सगळी बाळं झोपलेली होती, त्यामुळे मी ओरडलो. एकजात सगळे चौकोन लाल करून, घसा फाटेस्तोवर ओरडलो.

रेडिओनं फोन उचलला. "सिस्टर, जरा सगळ्या पेट्या बघून या."

"अहो, झोपलीयत सगळी!"

"झोपलीच असतील. तरी बघून या. मी थांबतो."

तो थांबला. कितीतरी वेळ फोन कानाला लावून थांबला. पलीकडून "सगळी ठीक आहेत" असं आल्यावर त्यानं डोळे पुसले आणि माझी तार काढली. मला जिन्याखाली आणून ठेवताना त्यानं माझी पडदा असलेली बाजू भिंतीकडे केली नाही, उजेडाकडे केली.

माझी एवढीच कहाणी. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. मी लोखंडाचा आहे, मला गंज चढेल आणि संपेल. पण तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे सारखं म्हणत असतं, गॅस बंद केलास का, ती अजून आली नाही, ह्याचा आवाज आज वेगळा वाटतोय. आई असेल, मोठी बहीण असेल. तुम्ही हसता, वैतागता, 'झालं हिचं सुरू' म्हणता. पुष्कळदा ती चुकत असेलही. मीही पुष्कळदा चुकायचो. पण मित्रांनो, तिला गप्प करू नका. तिच्यासमोर हिरवा चौकोन धरून तिला खोटं ठरवू नका. उठा, आणि एकदा स्वतः जाऊन बघून या. बघायला जाणाऱ्याला चार पायऱ्यांचे कष्ट पडतात. न गेल्याची काय किंमत पडते, ते मी बघितलं आहे.

जिन्याच्या वरच्या झरोक्यातून दुपारी इथं उन्हाचा एक पट्टा येतो. आधी बादल्यांवर पडतो, मग खुर्चीच्या मोडक्या चाकावर, आणि मग सरकत सरकत माझ्यापर्यंत येतो. माझी तार काढलेली आहे, पडदा काळा आहे. तरी मी त्याच्याकडे बघत राहतो. तो पुढे सरकतोय ना, तेवढं रोज बघतो.